प्रत्यार्पणाची फाईल तालुक्याच्या ठाण्यात उघडते

मुलगा थायलंडला 'डेटा एंट्री'च्या नोकरीसाठी गेला आणि म्यानमारच्या हद्दीत, सीमेवरच्या मोई नदीपलीकडच्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यात, कुंपणाआड अडकला, की घरचे तालुक्याच्या ठाण्यात धावतात. तिथं बहुतेकांना एकच उत्तर मिळतं: "हे दिल्लीचं काम आहे, आमच्या हातात काही नाही." हे अर्धंच खरं आहे. दुसऱ्या देशाकडे आरोपी मागायचा अधिकार परराष्ट्र मंत्रालयालाच आहे. पण मंत्रालय जे कागद पुढं पाठवतं ते लोहा, माजलगाव, मंठा अशा तालुक्यांतच तयार होतात. पहिल्या आठवड्यात तिथं काय लिहिलं गेलं यावर पुढची कित्येक वर्षं ठरतात.

आधी तीन शब्द वेगळे करायला हवेत, कारण बातम्यांतही त्यांची सरमिसळ होते. अडकलेल्या माणसाला घरी आणणं म्हणजे मायदेशी पाठवणी. मार्च २०२५ मध्ये थायलंडच्या माए सोटहून हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीयांना आणलं, ती ही पाठवणी. परक्या माणसाला राहायचा हक्क नाही म्हणून देशाबाहेर काढणं म्हणजे हद्दपारी. आणि गुन्हा करून दुसऱ्या देशात बसलेल्या आरोपीला खटल्यासाठी मागून घेणं म्हणजे प्रत्यार्पण. पोरगं घरी आलं की घरच्यांना वाटतं प्रकरण मिटलं, आणि तपासही थंडावतो. खरं तर आरोपीविरुद्धचा सगळ्यात भक्कम साक्षीदार त्याच दिवशी गावात पोहोचलेला असतो.

आणखी एक गोष्ट. या साखळीतला पहिला आरोपी परदेशात नसतो. ज्यानं गावात येऊन पासपोर्टची प्रत घेतली, तिकीट काढून दिलं, फोनवर 'मुलाखत' घडवून आणली आणि माणसामागं कमिशन खाल्लं, तो जिल्ह्यात किंवा फार तर मुंबईत असतो. त्याला पकडायला कुठलाही करार लागत नाही. त्याच्या फोनमधून आणि बँक खात्यातूनच पुढच्या माणसाचं नाव निघतं. प्रत्यार्पण त्या पुढच्या माणसाचं करायचं असतं.

फिर्याद कशी असावी

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसती 'मिसिंग' दाखल करणं. बेपत्ता नोंदीवर कोणाचं वॉरंट निघत नाही, आणि वॉरंटाशिवाय प्रत्यार्पण नाही. मूल १८ वर्षांखालचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१३ च्या निकालानुसार अपहरण किंवा तस्करीचा संशय गृहीत धरून गुन्हाच दाखल करायचा असतो. "प्रेमप्रकरण असेल, येईल चार दिवसांत" असं म्हणून थांबायची मुभा ठाण्याला नाही. प्रसंग दुसऱ्या हद्दीतला असला तरी झिरो एफआयआर घ्यावाच लागतो, त्याची तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे.

दुसरी चूक कलमांची. कितीतरी प्रकरणांत फक्त फसवणुकीचं कलम लागतं, कारण घरचे पैशांबद्दल बोलतात आणि लिहून घेणाराही पैशांवरच थांबतो. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ बघा. शोषणासाठी माणसाची भरती करणं, वाहतूक करणं, त्याला ठेवून घेणं, दुसऱ्याकडे सोपवणं किंवा ताब्यात घेणं यातली कोणतीही एक कृती, आणि त्यासाठी धमकी, जबरदस्ती, पळवून नेणं, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा आमिष यातलं कोणतंही एक साधन असलं की गुन्हा पूर्ण होतो. पीडित 'राजीखुशीनं गेला' हा बचाव चालत नाही, कारण संमती गैरलागू असल्याचं कलमातच लिहिलंय. एका प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत ७ ते १० वर्षं. एकापेक्षा जास्त व्यक्ती असतील किंवा मूल असेल तर किमान १० वर्षं ते जन्मठेप. एकापेक्षा जास्त मुलं असतील तर किमान १४ वर्षं.

म्हणून जबाबात ही तीन उत्तरं स्पष्ट यायला हवीत: कोणी काय केलं, कशाच्या जोरावर केलं, आणि तिथं नेल्यावर काय करायला लावलं. "नोकरीचं आमिष दाखवून परदेशात नेले" एवढ्या एका ओळीवर कलम १४३ टिकत नाही. पासपोर्ट कोणी काढून घेतला, दिवसाचे किती तास बसवून ठेवलं, टार्गेट झालं नाही तर काय शिक्षा दिली, सुटायचे किती पैसे मागितले आणि ते कोणत्या खात्यावर भरायला सांगितले, हे सगळं जबाबात यायला हवं. ऊसतोडीची उचल बघत वाढलेल्या माणसाला ही साखळी वेगळी समजावून सांगावी लागत नाही: आधी पैसे, मग 'तुझ्यावर खर्च झालाय, तो फेडल्याशिवाय जाता येणार नाही'. तपासी अंमलदारानं तोच धागा पकडून प्रश्न विचारले तर जबाब आपोआप भरतो.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात कमी समजली गेलेली आहे. प्रत्यार्पणानं आलेल्या आरोपीवर फक्त त्याच गुन्ह्यांचा खटला चालवता येतो ज्यांसाठी त्याला मागितलं होतं, किंवा त्याच तथ्यांवरून सिद्ध होणाऱ्या त्याहून लहान गुन्ह्याचा. प्रत्यार्पण अधिनियम, १९६२ चं कलम २१ हेच सांगतं. मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातल्या अबू सालेमला पोर्तुगालनं नोव्हेंबर २००५ मध्ये दिलं. नंतर जादा कलमं लावली म्हणून तिथल्या न्यायालयांनी प्रत्यार्पणाची परवानगीच रद्द ठरवली. जुलै २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की २५ वर्षांपलीकडे तुरुंगात ठेवणार नाही हे पोर्तुगालला दिलेलं वचन सरकारनं पाळलंच पाहिजे. 'कलमं नंतर वाढवू' ही आपल्याकडची सवय इथं अंगाशी येते. कलम १४३ सोबत कट असेल तर ६१, तस्करी झालेल्या व्यक्तीचं लैंगिक शोषण करणाऱ्यावर १४४, देहविक्रय असेल तर १९५६ चा अनैतिक देहव्यापारविरोधी कायदा (पिटा), मूल असेल तर बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायदा (पोक्सो), वेठबिगारी असेल तर १९७६ चा कायदा, आणि एजंटकडे भरतीची नोंदणी नसेल तर १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाची कलमं १० व २४. पुरावा असेल ते सगळं दोषारोपपत्रात आणि मागणीत पहिल्याच वेळी जायला हवं.

मुदतीचंही भान हवं. एकाच प्रौढ पीडिताचं प्रकरण असेल तर इथल्या अटक आरोपीचं दोषारोपपत्र ६० दिवसांतच न्यायचं असं धरून चालावं, ९० दिवसांच्या भरवशावर राहू नये. नाहीतर गावातला एजंट मुदत चुकल्यानं जामिनावर सुटतो, आणि वरच्या माणसापर्यंत जायचा दुवा तिथंच तुटतो.

फोन, पैसे, नाव

टेलिग्रामवर समोरचा माणूस दोन्हीकडचे मेसेज पुसू शकतो. घरच्यांनी पहिल्याच दिवशी दुसऱ्या फोननं त्या संभाषणाचा व्हिडिओ काढावा. एजंटचा नंबर किंवा युजरनेम उघडून दाखवावं, वरपासून खालपर्यंत सावकाश सरकवावं आणि तारीख दिसू द्यावी. मूळ फोन रीसेट करू नये, विकू नये, त्यातलं सिमही काढू नये. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाईलचं हॅश मूल्य (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा अंकाक्षरी ठसा) द्यावं लागतं. पहिला भाग भरून दुसरा राहून जाणं ही नेहमीची चूक. मोबाईल कंपन्यांना कॉलच्या नोंदी दोन वर्षं ठेवाव्या लागतात, पण नांदेड किंवा जालना स्थानकावरचं सीसीटीव्ही चित्रण तितकं थांबत नाही. ते मागणारं पत्र त्याच आठवड्यात जावं.

ओळखीचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण विनंत्या अडकतात त्या तिथंच. फिर्यादीत मराठी उच्चाराप्रमाणे एक नाव, वॉरंटावर इंग्रजीत दुसरं स्पेलिंग, आणि समोरच्या देशाच्या ओळखपत्रावर तिसरंच. 'मो.', 'मोहम्मद', 'महंमद' ही तिकडच्या न्यायालयाला तीन माणसं वाटू शकतात. वॉरंटावर सगळी रूपं 'उर्फ' घालून एकत्र यायला हवीत. सोबत फोटो, जमल्यास बोटांचे ठसे, आणि 'हाच तो माणूस' असं फोटो पाहून सांगणाऱ्या साक्षीदाराचा जबाब.

नेपाळच्या बाबतीत तारखा घोटाळा करतात. नेपाळी नागरिकतेच्या कागदावर विक्रम संवत असतो. वैशाखापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेतून ५७ वजा करायचे आणि जानेवारी ते चैत्रअखेर ५६. माघ २०६४ मध्ये जन्मलेली मुलगी २००८ च्या जानेवारी-फेब्रुवारीतली. सरसकट ५७ वजा केले तर ती एक वर्षानं मोठी होते. ऑगस्ट २०२५ मध्ये सोडवलेली साडेसतरा वर्षांची मुलगी कागदावर साडेअठराची ठरते. मग बालकल्याण समिती नाही, पोक्सो नाही, आणि किमान १० वर्षांच्या शिक्षेचं कलमही हातचं जातं. वय ठरवताना बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर स्थानिक संस्थेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. ठाण्यातून थेट हाडांच्या तपासणीला पाठवलं जातं ते या क्रमाच्या विरुद्ध आहे.

कोणत्या देशाशी काय

नेपाळशी आपला करार २ ऑक्टोबर १९५३ चा. तो गुन्ह्यांच्या यादीवर चालतो. खून, बलात्कार, दरोडा, अपहरण ही नावं यादीत आहेत. मानवी तस्करी या नावानं नाही. २००५ मध्ये नव्या मसुद्यावर अधिकाऱ्यांची आद्याक्षरं झाली, तरी तो करार झाला नाही. म्हणून नेपाळकडे मागणी करताना तस्करीच्या गोष्टीतलं अपहरण आणि बलात्कार ठळकपणे मांडावे लागतात. त्यांचा स्वतंत्र पुरावा नसेल तर मागणी लंगडी पडते. सार्क देशांनी ५ जानेवारी २००२ ला काठमांडूत केलेला करारनामा इथं मदतीला येतो: त्यातले गुन्हे देशादेशांमधल्या प्रत्यार्पण करारांतही प्रत्यार्पणयोग्य धरायचे, असं तो म्हणतो. पण तो स्त्रिया आणि मुलांपुरता, आणि तोही वेश्याव्यवसायासाठी झालेल्या तस्करीपुरताच. वीटभट्टीवर किंवा हॉटेलात राबवलेल्या पुरुषाला त्याचा उपयोग नाही. २५ वर्षं होत आली, ही उणीव अजून तशीच आहे, आणि त्याची किंमत मजूर मोजतायत.

नेपाळच्या बाबतीत एक वेगळी वाट मला जास्त व्यवहार्य वाटते. नेपाळचा २००७ चा मानवी तस्करीविरोधी कायदा नेपाळी नागरिकाविरुद्ध परदेशात झालेल्या गुन्ह्यालाही लागू होतो, माणूस विकल्याबद्दल २० वर्षांची कैद सांगतो, आणि पीडितेचा जबाब लगेच न्यायालयाकडून प्रमाणित करून घेतो. विकणारा नेपाळात पळून गेला असेल तर त्याला इकडे ओढून आणण्यापेक्षा इथले जबाब, पंचनामे आणि पैशांचा माग तिकडे पाठवून तिथंच खटला उभा करणं कितीतरी वेळा लवकर होतं. असा पुरावा देशादेशांत मागवायचा-पाठवायचा तर त्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेची कलमं ११२ आणि ११३ आहेत.

बांगलादेशशी करार २८ जानेवारी २०१३ चा, आणि तो यादीवर चालत नाही. दोन्ही देशांत किमान एक वर्ष कैदेच्या शिक्षेचा गुन्हा असला की पुरे. जुलै २०१६ मध्ये त्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली: विनंतीसोबत पुराव्याचा ढीग लागत नाही, सक्षम न्यायाधीशाचं किंवा अधिकाऱ्याचं अटक वॉरंट चालतं. तस्करीविरुद्ध दोन्ही देशांचा सामंजस्य करार जून २०१५ चा आहे, आणि पीडितांची सुटका व पाठवणी बघणारं संयुक्त कृती दलही आहे.

भूतानशी १९९६ चा करार, श्रीलंकेशी १९७८ ची प्रत्यार्पण व्यवस्था, थायलंडशी २०१३ चा करार आहे. पाकिस्तानशी काही नाही. म्यानमारशी प्रत्यार्पण करार नाही, पण गुन्हेगारी प्रकरणांत परस्पर मदतीचा करार आहे. आणि दोन्ही देश संघटित गुन्हेगारीविरोधी संयुक्त राष्ट्रांच्या करारनाम्यात आहेत. भारतानं तो मे २०११ मध्ये मंजूर केला. आपल्या १९६२ च्या अधिनियमात कलम ३(४) आहे: करार नसलेल्या देशाच्या बाबतीत केंद्र सरकार अशा सामायिक करारनाम्यालाच प्रत्यार्पण करार मानू शकतं. 'करार नाही म्हणजे रस्ताच नाही' असं सांगणाऱ्याला हे कलम दाखवावं.

फाईल वर कशी जाते

दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर आरोपीविरुद्ध मुदत न घातलेलं अजामीनपात्र वॉरंट घ्यायचं. मग तपासी अंमलदाराचं न्यायदंडाधिकाऱ्यासमोर केलेलं प्रतिज्ञापत्र. हे असं असावं की दुसऱ्या देशातल्या न्यायाधीशाला बाकीचा एकही कागद न वाचता प्रकरण समजेल: घटना, प्रत्येक आरोपीची भूमिका, प्रत्येक भूमिकेमागचा पुरावा, लागू कलमांचा पूर्ण मजकूर आणि शिक्षा. सोबत एफआयआर, महत्त्वाचे जबाब, ओळखीचे कागद आणि सगळ्याचं प्रमाणित भाषांतर. तिथून पोलीस अधीक्षक, राज्याचा गृह विभाग, परराष्ट्र मंत्रालयाचा कॉन्सुलर, पासपोर्ट आणि व्हिसा विभाग, आणि मग दूतावास.

गचके कुठं बसतात? सगळ्यात जास्त भाषांतरात. हातानं लिहिलेला मराठी जबाब, त्यात "सदर इसमाने", "वगैरे मजकुराचा", "समक्ष" अशी पोलिसी भाषा, आणि भाषांतर करणारा शब्दाला शब्द लावत जातो. कर्ता कोण आणि कर्म कोण हेच हरवतं. जबाब घेतानाच छोटी वाक्यं लिहावीत, प्रत्येक वाक्यात नाव घ्यावं. पुढची कित्येक पत्रं वाचतात.

इंटरपोलची रेड नोटीस म्हणजे अटकच, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. ती जगभरच्या पोलिसांना दिलेली सूचना असते. अटक करायची की नाही हे त्या त्या देशाचा कायदा ठरवतो. ती सीबीआयमार्फत इंटरपोलकडे मागतात. त्यासाठी वॉरंट लागतं आणि गुन्ह्याला कमाल शिक्षा किमान दोन वर्षांची असावी लागते. जानेवारी २०२५ पासून 'भारतपोल' या पोर्टलमुळे राज्यांच्या पोलिसांना ही मागणी थेट टाकता येते. लुक आउट सर्क्युलर (देशाबाहेर जाताना माणसाला अडवायची सूचना) पोलीस अधीक्षकांच्या पातळीवरून उघडता येतं आणि विमानतळावर ते चांगलं काम करतं. पण सोनौली किंवा रक्सौलला भारतीय आणि नेपाळी माणूस पासपोर्टावर शिक्का न घेता पायी पलीकडे जातो, तिथं ते जवळपास निरुपयोगी आहे. त्या सीमेवर संशयिताचा फोटो सशस्त्र सीमा बलाच्या चौकीपर्यंत पोहोचवणं जास्त कामाचं.

तातडी असेल तर आधी तात्पुरती अटक मागता येते. आपल्या कायद्यात, म्हणजे दुसऱ्या देशानं आपल्याकडे मागितलेल्या आरोपीसाठी, अशी अटक झाल्यावर ६० दिवसांत पूर्ण विनंती आली नाही तर आरोपी सुटतो. ते प्रत्यार्पण अधिनियमाचं कलम ३४ब. इतर देशांच्या मुदतीही अशाच बांधीव असतात. भाषांतर तयार नसताना तात्पुरती अटक मागणं म्हणजे आरोपीला सावध करून सोडून देणं.

आरोपी मिळतच नसेल तर घोषित गुन्हेगार ठरवून त्याच्या गैरहजेरीत खटला चालवायची सोय आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. आणि गुन्ह्याचा काही भाग भारतात घडला असेल तर परदेशातल्या गुन्ह्यासाठी लागणारी केंद्राची पूर्वपरवानगी लागत नाही. उत्तराखंडातल्या एका प्रकरणात, नेपाळमधून आणलेल्या मुलीच्या बाबतीत, सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये हे स्पष्ट केलं. भरती नांदेडात आणि शोषण म्यानमारात झालं असेल तर हाच मुद्दा कामी येतो.

उलट दिशा: इथं सापडलेली बाई

छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या लॉजवर छापा पडतो आणि बांगलादेशी तरुणी सापडते. कागद नाहीत म्हणून तिलाच परदेशी नागरिकांच्या कायद्याखाली आरोपी केलं जातं. गृह मंत्रालयाच्या १ मे २०१२ च्या सूचना याच्या थेट उलट आहेत: स्त्री किंवा मूल तस्करीचं बळी असल्याचं दिसलं तर त्यांच्यावर परकीय नागरिक कायद्याचे आरोप ठेवायचे नाहीत. १ सप्टेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याची जागा नव्या आप्रवास आणि परकीय नागरिक अधिनियमानं घेतली आहे, तरी 'पीडित ही आरोपी नाही' हे तत्त्व तपासी अंमलदारानं धरूनच चालायला हवं. तिला आरोपी केलं की ती साक्षीदार राहत नाही, आणि दलालाविरुद्धचा खटला तिथंच संपतो.

तिला परत पाठवायचं तर तिचा पत्ता बांगलादेशातून पडताळून यावा लागतो, उच्चायुक्तालय प्रवास परवाना देतं, आणि जिल्ह्यात परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याचं काम बघणारे पोलीस अधीक्षक बाहेर जायची परवानगी देतात. मूल असेल तर बालकल्याण समितीचा आदेश. यात महिने जातात, कारण गावाचं नाव चुकीचं लिहिलेलं असतं. 'जेसोर' एवढंच लिहून भागत नाही. जिल्हा, उपजिल्हा, युनियन, गाव, वडिलांचं नाव आणि जवळची शाळा किंवा मशीद, एवढं बंगाली येणाऱ्या माणसाकडून विचारून घ्यावं. वेठबिगारीतून सुटका झाली असेल तर मुक्तीचा दाखला आणि तातडीचे ३०,००० रुपयांपर्यंतचं साहाय्य या वाटेनंही पाहावं. सगळ्यात वाईट प्रकारच्या, तस्करीसारख्या प्रकरणांत पुनर्वसनाची रक्कम ३ लाखांपर्यंत जाते, पण ती बहुतांशी दोषसिद्धीशी बांधलेली आहे.

ती पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोलला सीमा ओलांडण्याआधी दंडाधिकाऱ्यासमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली तिचा जबाब झालेला असावा, दुभाष्याचं नाव आणि सही त्यावर असावी, आणि तिकडच्या ज्या संस्थेकडे ती जाणार तिचा पत्ता व फोन नंबर इथल्या सरकारी वकिलाच्या फाईलला लागलेला असावा. दृक्श्राव्य माध्यमातून साक्ष घेता येते हे सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्येच मान्य केलंय. मुंबईत नोंदवलेला असो की बीडमध्ये, खटला दोन-तीन वर्षांनी उभा राहतो. तेव्हा ती कुठं आहे हे कोणालाच माहीत नसेल, तर व्हिडिओ लिंक जोडायची कुणाला?